चिमट्यातलं शेवटचं प्रकरण

त्या घरात खुन्याला कपड्यांच्या चिमट्यात धरून ठेवत असत. चिमटा साधा, लाकडी, वाळत घालायच्या दोरीवरचा, स्प्रिंग जरा सैल झालेली. वाचनालयातून रहस्यकथा आली की जो आधी वाचायला घेईल त्यानं शेवटच्या प्रकरणाच्या अलीकडे थांबायचं, उरलेली पानं एकत्र धरून त्यांना चिमटा लावायचा आणि पुस्तक दुसऱ्याच्या हवाली करायचं. दुसराही चिमट्यापर्यंत पोचला की येणाऱ्या रविवारी, दुपारच्या चहानंतर, चिमटा काढून ते प्रकरण मोठ्यानं वाचायचं. खुनी कोण हे त्या घरात कुणी एकट्यानं कळून घेत नसे. नियम मोडला तर शिक्षा काय, हे कधी ठरलं नव्हतं. बऱ्याच देशांना जे कायद्यानं साधत नाही ते इथे एका चिमट्यानं साधलं होतं.

नियम केला होता काटेसाहेबांच्या बायकोनं, आणि ती स्वतः रहस्यकथा वाचत नसे. झालं असं, की सासरे आणि सून एकाच पुस्तकावर तुटून पडलेले. सासरे पुढे, सून मागे. जेवताना सासरे सहज म्हटल्यासारखं म्हणायचे, त्या माळ्याकडे जरा लक्ष ठेव हो. सुनेचा घास तिथेच थांबायचा. हे दोनतीनदा झालं. सून बोलणार नाही हे बायकोला ठाऊक होतं, आणि नवऱ्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हेही. ती उठून गॅलरीत गेली, दोरीवरचा एक चिमटा काढून आणला आणि पुस्तकाच्या शेपटाला लावला. आता काय सांगायचं ते सांगा, म्हणाली.

पुढची सगळी वर्षं ती दर रविवारी त्या वाचनाला बसली. मांडीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, हातानं घड्या घालणं चालू, कान पुस्तकाकडे. आधीची प्रकरणं तिनं वाचलेली नसत आणि विचारायचा कंटाळा. त्यामुळे बाईनं आयुष्यात शेकडो खुनी ऐकले. मेलं कोण, हे तिला एकदाही कळलं नाही. तरीही वाचन संपलं की शेवटची घडी ढिगावर ठेवत ती म्हणायची, "मला वाटलंच होतं." आणि कपडे कपाटात ठेवायला जायची. तपास तिथे बंद होई.

काटे हे काटेसाहेबांचं आडनाव नव्हे. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. बाजारातल्या प्रत्येक तराजूचा काटा बघायचा, वजनांवर शिक्का मारायचा, खोटी वजनं जप्त करायची, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं आणि दुकानदारांनी त्यांना हे नाव दिलं. कामानं माणसाला एक सवय लावली. दुकानदार हसून चहा मागवू लागला की काटेसाहेब आधी तागडीच्या तळाशी हात फिरवत; तिथे बहुधा लोहचुंबकाचा तुकडा चिकटवलेला असे. पुढे पुढे त्यांना कुणी हसून चहा दिला की हात आपोआप टेबलाखाली जायचा. रहस्यकथा त्यांना आवडत, त्या याच कारणानं. तिथे हसणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खाली काहीतरी चिकटवलेलं असतं, आणि शेवटच्या प्रकरणात कुणीतरी तिथे हात घालतो.

सून दातांच्या लॅबमध्ये होती. डॉक्टर लोक ठसे पाठवत, ही त्यांच्यावरून कवळ्या करी. लांबट टेबल, मेणाच्या पट्ट्या, छोटीशी निळी ज्योत, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, ओळीनं, सगळे हसत. प्लास्टर घट्ट होईपर्यंत हाताला काम नसे. तेवढ्या वेळात ती वाचायची. वाचनालयाच्या पुस्तकांवर जागोजागी पांढरी बोटं उमटलेली असत. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा काटेसाहेबांना प्रश्न पडला होता, सुनेशी बोलतात काय? मुलगे होते, त्यांच्याशी न बोलायची सवय होती. सून नवीन होती. पहिल्याच आठवड्यात तिनं त्यांच्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि विचारलं, बाबा, हे वाचून झालं की मला द्याल? काटेसाहेब सुटले. तेव्हापासून दोघांचं बोलणं असं जे काही झालं ते खुनांबद्दल. एकमेकांच्या तब्येतीची चौकशी त्यांनी कधी केली नाही. पण खून झाला त्या वेळी बटलर कुठे होता, यावर भाजी निवडता निवडता तासभर जात असे.

सुनेचा नवरा, म्हणजे धाकटा मुलगा, लिफ्ट दुरुस्त करी. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींत वर-खाली करून आलेला माणूस संध्याकाळी कुठेही जायला तयार नसतो, पुस्तकातही नाही. स्वयंपाकघरात विषबाधेवर वाद रंगला की तो मान वर करून विचारी, पोलिसांना कळवलंत का? हा त्याचा एकुलता एक विनोद, आणि तो त्यानं कधी वाया जाऊ दिला नाही.

मागच्या वर्षी काटेसाहेबांची बायको गेली. फार आजारी नव्हती. झोपेतच गेली, कुणाला त्रास न देता, घड्या घातलेले कपडे खुर्चीवर तसेच. चिमटा लावलेलं एक पुस्तक कपाटावर पडून राहिलं. वाचनालयाच्या बाईंनीही ते परत मागितलं नाही. मग एका रविवारी सुनेनं चहा ठेवला, पुस्तक काटेसाहेबांच्या पुढ्यात ठेवलं आणि समोर बसली. त्यांनी चिमटा काढला आणि वाचलं. खुनी निघाला गोष्टीतल्या पेशंटचा भाऊ. वाचन संपल्यावर दोघं थोडा वेळ थांबली. मग सून कप घेऊन आत गेली.

असेच आणखी काही महिने गेले आणि मग पुस्तकं संपली. वाचनालयात रहस्यकथांचं एकच कपाट होतं. त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचे सगळे खुनी आता त्यांना पाठ होते. काटेसाहेबांनी जुनी पुन्हा वाचायला घेतली. पण खुनी ठाऊक असलेली रहस्यकथा वाचणं म्हणजे स्वतःच शिक्का मारलेलं वजन पुन्हा तपासणं. ते पुस्तक उघडं टाकून खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाकीकडे बघत बसू लागले.

त्याच सुमाराला थोरल्याचा फोन आला. थोरला दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता, घर मोठं होतं, आणि त्यातली एक खोली त्यानं वडिलांसाठी रंगवून घेतली होती. बाबा, आता इकडेच या, म्हणाला. महिनाअखेरीस मी येतो गाडी घेऊन, तोवर ठरवा. काटेसाहेब बरं म्हणाले. ते 'बरं' होकाराचं होतं की ऐकल्याचं, ते थोरल्यानं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जेवताना त्यांनी ही बातमी धाकट्याच्या कानावर घातली. धाकटा म्हणाला, तुम्हाला बरं वाटेल तसं करा. या वाक्याचा अर्थ काहीही होतो, म्हणून तर ते घराघरात वापरतात. सुनेनं आमटी वाढली.

काटेसाहेबांना जायचं नव्हतं. पण राहायला काही कारण लागतं, असं त्यांचं मत. कारणाशिवाय माणूस काही करत नाही, हे त्यांना एका कपाटभर पुस्तकांनी शिकवलं होतं. बायको होती तोवर राहण्याचं कारण विचारायची वेळ आली नाही. आता खोली मुलाची, घर मुलाचं, संसार सुनेचा. आपण इथे कशासाठी? कुणी राहा म्हणालं असतं तर प्रश्न मिटला असता. आपणहून राहतो म्हणणं म्हणजे तागडीत आपणच आपलं बोट ठेवणं. हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तेव्हा ते पुरावे गोळा करू लागले.

पहिला पुरावा लवकरच मिळाला. फिरून आले तर सून त्यांच्या खोलीत टेप घेऊन उभी. खिडकीपासून बायकोच्या पलंगापर्यंतची भिंत मोजत होती. त्यांना बघून तिनं टेप खटकन मिटवली आणि म्हणाली, काही नाही, सहज. सहज कुणी भिंत मोजत नाही. दुसरा पुरावा म्हणजे माळ्यावरची मोठी बॅग. ती खाली काढलेली होती, उन्हात ठेवलेली होती, आणि तिच्या चेनला साबण लावलेला होता, म्हणजे ती अडकू नये.

मधल्या काळात ते वाचनालयात गेले. सवयीनं. वाचनालयाच्या बाई कोरड्या स्वभावाच्या. सभासद मेला तरी आधी पुस्तकं परत आली का बघतील, असा त्यांचा लौकिक. त्यांनी टेबलाखालून नव्या पुस्तकांचा एक गठ्ठा काढला. सगळी एकाच लेखकाची, एका मालिकेतली, युरोपच्या पार उत्तरेकडून नुकती अनुवाद होऊन आलेली. मुखपृष्ठांवर बर्फ. कुठे बर्फात एक घर, कुठे बर्फात एक बूट.

"याला नॉर्डिक नॉयर म्हणतात," बाई म्हणाल्या.

काटेसाहेबांनी विचारलं, म्हणजे नक्की काय असतं?

"थंडी असते, अंधार असतो, आणि तपास करणाऱ्याला झोप येत नाही."

"खून असतो ना पण?"

"असतो. त्याची घाई नसते."

काटेसाहेबांनी पहिला भाग आणला आणि तो रुसल्यासारखं सुनेकडे सरकवला. तूच वाच आधी. तिनं तो जबड्यांच्या सोबतीनं वाचला, नियमाप्रमाणे शेवटच्या प्रकरणाला चिमटा लावला आणि परत देताना म्हणाली, स्वेटर घालून वाचा, बाबा. बाहेर उकाडा मरणाचा. पंखा फरफरत होता आणि काटेसाहेब बर्फात उतरले.

पहिल्यांदा तर त्यांना माणसंच ओळखता येईनात. नावं अशी, की देवनागरीत लिहूनही तोंडातून बाहेर पडेनात. मग सुनेनं आणि त्यांनी मिळून सगळ्यांचं बारसं केलं. तपास करणारा तो फौजदार. बाकीचे नाव्हीण, दाढीवाला, शेजारी, पाद्री. फौजदाराची बायको सोडून गेलेली, छातीत अधूनमधून दुखणारं, आणि जेवण म्हणजे ओट्यापाशी उभ्यानं खाल्लेला पाव. हा बसून जेवत का नाही, असं काटेसाहेबांनी दोन वेळा स्वयंपाकघरात येऊन विचारलं. त्याला दूरच्या शहरात एक लग्न झालेली मुलगी होती. तो तिला अधूनमधून फोन करी, ती तब्येत कशी आहे विचारी, तो बरी आहे म्हणे, आणि दोघं फोन ठेवत. या फोनांचा खुनाशी काय संबंध, ते काटेसाहेबांना लागेना. संबंध असणारच, म्हणून त्यांनी प्रत्येक फोन दोनदा वाचला.

निम्म्यावर आले आणि ते पुस्तक घेऊन तरातरा आत गेले. पुस्तक चुकीचं बांधलंय, म्हणाले. शेवटचं प्रकरण मध्येच घातलंय. कारण शेजाऱ्यानं सरळ फौजदाराच्या पुढ्यात बसून, कॉफी पीत, मीच केलं म्हणून सांगितलं होतं. सून म्हणाली, मलाही तसंच वाटलं होतं, पण पुढे वाचा. पुढे निम्मं पुस्तक होतं आणि त्यात फौजदार त्या तळ्याकाठच्या गावात दारोदार हिंडत होता. शेजाऱ्यानं काय केलं हे गावात सगळ्यांना माहीत होतं. नाव्हिणीला, दाढीवाल्याला, पाद्र्याला. मग कुणी बोललं कसं नाही? तर कुणी विचारलं नाही म्हणून. एवढ्याशा गोष्टीवर लेखकानं दोनशे पानं लिहिली होती, आणि काटेसाहेबांना राग असा आला की ती त्यांनी दोन दिवसांत वाचून काढली.

रविवारी चिमटा निघाला. सून समोर, धाकटा आतल्या खोलीत घोरतोय. काटेसाहेबांनी खाकरून सुरुवात केली. शेवटचं प्रकरण चार पानांचं होतं. फौजदार नोकरीचा राजीनामा देतो. बॅग भरतो. आगगाडीनं मुलीच्या शहरात जातो. तिच्या इमारतीचे जिने चढतो, दारापाशी थांबतो, बूट झटकतो आणि घंटी वाजवतो. आतून पावलांचा आवाज येतो.

काटेसाहेबांनी पान उलटलं. पुढे कोरं पान होतं, आणि मग पुठ्ठा.

त्यांनी पुस्तक सुनेला दिलं. तिनं बोटानं शिवण चाचपून पाहिली. कुणीतरी पान फाडलं, काटेसाहेब म्हणाले. निदान एक. दारात काय बोलणं झालं ते त्या पानावर असणार. सूनही गंभीर झाली. वाचनालयातल्या माणसांचा काही नेम नसतो, यावर दोघांचं एकमत झालं, आणि दुसऱ्या दिवशी काटेसाहेब पुस्तक काखोटीला मारून तक्रार घेऊन निघाले.

बाईंनी चष्मा लावला. पानांचे आकडे पाहिले, शिवण पाहिली, पुठ्ठा वाकवून पाहिला. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, पान कुठेही गेलेलं नाही. तिकडे असंच संपवतात.

"मग खून कशाला केला?"

"निमित्त लागतं ना काहीतरी," बाई म्हणाल्या, आणि दुसरा भाग त्यांच्यापुढे ठेवताना सहज बोलून गेल्या, की बरं झालं आलात, तुमच्या सूनबाई परवा विचारत होत्या, पुढचे भाग परगावी पाठवता येतील का. नियमात बसत नाही, पण त्या इतक्या वर्षांच्या सभासद, तेव्हा बघू.

काटेसाहेब बाहेर आले आणि पायरीवर उभे राहिले. टेप, बॅग, वाचनालय. तीन पुरावे एका ओळीत. कुठल्याही पुस्तकात एवढ्यावर माणसाला बेड्या पडतात. खोली मोजून झाली, सामान तयार, पुस्तकांची रवानगी ठरली. सूनबाईंनी निर्णय घेतला होता. फक्त त्या सभ्य असल्यामुळे बोलल्या नव्हत्या. काटेसाहेबांना राग आला नाही. हिशेब चोख होता, आणि चोख हिशेबावर रागवायची त्यांना सवय नव्हती. थोरल्याला हो म्हणायचं, एवढंच ठरवून ते चालू लागले.

पण पायांनी घराचा रस्ता धरला नाही. पानाचा निकाल तर सुनेला सांगायला हवा होता. ती आज दिवसभर त्या फाटलेल्या पानाच्या विचारात असणार. संध्याकाळपर्यंत तिला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. इतक्या वर्षांत ते तिच्या लॅबमध्ये कधी गेले नव्हते.

दार ढकललं तर आत प्लास्टरचा ओलसर वास आणि चहूकडे दात. सून टेबलाशी वाकलेली, एका हातात जबडा, दुसऱ्या हातात मेण खरवडायची पातळ सुरी. सासऱ्यांना दारात बघून ती घाबरलीच. घरी काही झालं का, म्हणाली. काही नाही, काटेसाहेब म्हणाले, पान फाटलेलं नाही. तिनं श्वास सोडला, पायानंच एक स्टूल पुढे सरकवलं आणि पुन्हा जबड्याकडे वळली. साचा आत्ताच भरलाय बाबा, घट्ट होईपर्यंत मला हलता यायचं नाही.

ते बसले. समोरच्या फळीवरून दातांची एक पंगत त्यांच्याकडे बघून हसत होती. सवयीनं त्यांचा हात टेबलाखाली गेला. खाली काही नव्हतं.

बाई म्हणाल्या, तिकडे असंच संपवतात, त्यांनी सांगितलं. सून थोडा वेळ मेण खरवडत राहिली. मग म्हणाली, म्हणजे दार उघडलं की नाही, तेही कळायचं नाही.

"उघडलं असणार. पावलं वाजली ना. पण बोलला काय तो? त्यानं आधी विचारायला हवं होतं, येऊ का राहायला म्हणून. बॅग घेऊन दारात उभं राहणं बरोबर नाही."

"तिनं विचारायला हवं होतं. सगळं पुस्तकभर नुसती तब्येत कशी आहे, तब्येत कशी आहे."

"ती कशी विचारणार? त्याला अडचण व्हायची."

"तिला वाटत असेल, त्याला त्याचं घर सोडवत नाही."

"आणि त्याला वाटत असेल, तिला आपली अडचण होते," काटेसाहेब म्हणाले.

"असं कुठे म्हणालीय ती?"

"म्हणाली नाही. पण पुरावे होते."

सुनेनं मान वर केली. मालिकेतला तो भाग तिनं त्यांच्याइतक्याच बारकाईनं वाचला होता, आणि त्यात असे कुठलेही पुरावे नव्हते. "कुठले?" तिनं विचारलं.

काटेसाहेब फळीवरच्या जबड्यांकडे बघत म्हणाले, "टेप. बॅग. आणि वाचनालयाच्या बाई."

निळ्या ज्योतीवर धरलेल्या सुरीवरून मेणाचा थेंब टेबलावर पडला. सुनेनं सुरी खाली ठेवली. एरवी ती असं काम अर्ध्यावर ठेवत नसे.

मग तिनं एकेक करून सांगितलं, पुराव्याच्याच क्रमानं. टेप खुर्च्यांसाठी. खिडकीपाशी उजेड चांगला येतो, तिथे दोन आरामखुर्च्या आणि एक दिवा बसेल का ते बघत होते. पण त्यासाठी आईंचा पलंग काढावा लागेल, आणि ते तुम्हाला कसं विचारायचं ते कळेना. बॅग, कारण तुम्ही जायचं ठरवलंत तर ऐन वेळी चेन अडकू नये. आणि वाचनालय, कारण गेलात तर पुढचे भाग तुम्हाला तिकडे कोण देणार? शेवटचं प्रकरण रविवारी फोनवर वाचू म्हटलं. एका बाजूला तुम्ही, एका बाजूला मी.

"मी जातो असं कधी म्हणालो?" काटेसाहेबांनी विचारलं.

"राहतो असं तरी कधी म्हणालात?"

बाजारातला सगळा काळ काटेसाहेबांनी दुसऱ्यांच्या तागड्या उलटून पाहण्यात घालवला होता. ही एक तागडी त्यांनी तपासली नव्हती. तिच्याखाली लोहचुंबक होता, आणि तो त्यांनीच लावला होता.

"मी विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?" शेवटी ते म्हणाले.

"राहा म्हणाले असते."

"मग विचारलं असं धर."

"मग राहा," सून म्हणाली आणि साच्यावर नखानं टकटक करून पाहिलं. प्लास्टर घट्ट झालं होतं. तिनं साचा हलक्या हातानं सोडवला, आत कुणा अनोळखी माणसाचा खालचा जबडा अगदी स्वच्छ निघाला. काटेसाहेबांनी तो हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, काम चोख आहे. इतक्या वर्षांत सुनेबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला शब्द. त्याआधीची सगळी स्तुती संशयितांच्या वाट्याला गेली होती.

पलंग पुढच्या आठवड्यात निघाला. धाकट्यानं तो एकट्यानं सुटा केला, लिफ्टनं खाली नेला आणि गरजू कुटुंबाला देऊन आला. काढताना काटेसाहेब दारात उभे होते. काढ, म्हणाले, तिला घड्या घालायला तसंही खुर्चीच लागायची. खुर्च्या आणायला गेले तेव्हा सुनेनं तीन आणल्या. दोनच ठरल्या होत्या, असं ते म्हणाले. तीन बसतात, सून म्हणाली, मी मोजलंय.

महिनाअखेरीस थोरला आला. गाडी धुतलेली, मागच्या सीटवर वडिलांच्या मानेसाठी नवी उशी. काटेसाहेबांनी त्याला चहा घेऊ दिला आणि मग सांगितलं, की मी येत नाही. येईन आठ-पंधरा दिवसांसाठी, पाहुणा म्हणून. राहणार इथेच.

थोरल्याला वाईट वाटलं, आणि तो वाईट माणूस नव्हता. त्यानं खोलीचा रंग सांगितला, बाहेरची झाडं सांगितली. पुस्तकांचं म्हणत असाल तर सगळी मालिका विकत घेऊन देतो, म्हणाला, वाचनालयाच्या पायऱ्या चढायला नकोत.

"पुस्तकं मिळतील रे," काटेसाहेब म्हणाले. "शेवटचं प्रकरण कुणाबरोबर वाचू?"

"मी आहे की," थोरला म्हणाला, आणि एवढं बोलून त्यानं वाजलेला फोन घेतला.

तो गॅलरीत उभा राहून बराच वेळ बोलत होता. परत आला तेव्हा खिडकीपाशी तीन खुर्च्या मांडलेल्या त्यानं पाहिल्या, दिवा पाहिला, पलंगाच्या जागेवरची फरशी पाहिली, बाकीच्यापेक्षा जरा उजळ. तो तिथेच थांबला. मग फोन खिशात टाकत म्हणाला, "मला वाटलंच होतं."

धाकटा छताकडे बघू लागला. सून चहाचे कप उचलत होती, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. थोरल्यानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, काय झालं, मी काही चुकीचं बोललो का? नाही नाही, काटेसाहेब म्हणाले, बस तू. त्या खुर्चीत बस.

तो बसला. रविवार होता आणि वेळही वाचनाचीच होती. सुनेनं मालिकेतला दुसरा भाग आणून सासऱ्यांच्या हातात दिला. या वेळीही आधी तिचीच पाळी होती, आणि चिमटा त्यांनी नेहमीच्या जागी, म्हणजे शेपटाकडे शोधला तर तिथे तो नव्हता. तो पहिल्या प्रकरणाला लावलेला होता. काटेसाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिकडचं सगळंच उलटं आहे ना, ती म्हणाली, म्हणून म्हटलं, चिमटाही उलटाच लावू. हे मी वाचलेलं नाही. दुसऱ्यापासून सुरुवात केली.

काटेसाहेबांनी चिमटा काढला आणि खाकरून वाचायला घेतलं. फौजदार मुलीच्या स्वयंपाकघरात उभा होता आणि भांडी घासत होता. बाहेर बर्फ पडत होतं. त्याची बॅग कपाटावर रिकामी होती. मुलगी टेबलाशी बसून तिच्या कामाचे कागद बघत होती आणि मान वर न करता त्याला म्हणत होती, की नळ नीट बंद करत जा. तो बंद करतो. मग दोघं बसून जेवतात.

"मेलं कोण पण?" थोरल्यानं विचारलं.

"अजून कुणी नाही, भाऊजी," सून म्हणाली. "घाई नसते."

पोलिसांना कळवून ठेवा, धाकटा म्हणाला.

काटेसाहेबांनी पान उलटलं. दार उघडल्यावर तिथे काय बोलणं झालं, ते लेखकानं याही पुस्तकात सांगितलं नव्हतं. या वेळी त्यांनी शिवण तपासली नाही, आणि वाचत राहिले.